पाणी येण्याआधी : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास कृष्णाकाठावरून खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य व अधिकारी,
राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : कृष्णा खोऱ्यातील महापुराची पूर्वतयारी आणि दोन राज्यांमधील समन्वय.

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून हे पत्र लिहीत आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. प्रत्येक वेळी पाणी उतरल्यावर पंचनामे झाले, सानुग्रह अनुदान आले, समित्या नेमल्या गेल्या आणि पुढच्या जूनपर्यंत सगळे आपापल्या कामाला लागले. बोटी, तंबू किंवा अनुदान मागण्यासाठी हे पत्र नाही. ती कामे जिल्हा आणि राज्य यांच्याकडे आहेत आणि ती कमी-अधिक बरी होतात. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या हाताबाहेरचे म्हणून जे काम संसदेने कायदा करून तुमच्याकडे सोपवले आहे, ते या खोऱ्यात पावसाळ्याच्या आधी कोण करते, हे आम्हाला तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.

आमच्या पुराचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, कारण मागणीचा सारा आधार त्यावरच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे किंवा जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत जे घडले, तशी आमच्यावरची आपत्ती डोंगरासारखी एका क्षणात कोसळत नाही. पाऊस पडतो महाबळेश्वर, नवजा, चांदोली, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात आणि बुडतो आम्ही, तेही बऱ्याच तासांनी. कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येते. वारणेचे पाणी सांगलीजवळ हरिपूरला मिळते. पंचगंगा नृसिंहवाडीला मिळते. पुढे राजापूर बंधारा ओलांडून नदी कर्नाटकात जाते, तिथे हिप्परगी बंधारा आहे आणि त्याखाली आलमट्टीचा १२३ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) जलाशय. वरून येणाऱ्या पाण्याचा वेग आणि खालची फूग, म्हणजे खाली अडल्याने मागे चढणारे पाणी, यांच्यामध्ये आमची गावे अडकतात. पाणी इंचाइंचाने चढते आणि अनेक दिवस हलत नाही. याचा अर्थ असा की, ही आपत्ती येण्याआधी देशातल्या फार थोड्या आपत्तींपुढे असतो तेवढा अवधी आमच्या हाती असतो. तो वाया जातो, आणि तो कसा जातो हेच या पत्रात मांडायचे आहे.

डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबई बुडाली होती आणि आमचा कृष्णाकाठही बुडाला होता. मदत वाटण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी आधी तयारी, मग प्रतिसाद आणि मग पुनर्बांधणी अशी साखळी या कायद्याने आखली. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली तुमचे प्राधिकरण, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरण आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण अशी रचना झाली. जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करावा, असे कायदा सांगतो. ग्रामपंचायतीसह सर्व स्थानिक संस्थांनी आपली माणसे प्रशिक्षित ठेवावीत आणि साधने वापरण्याजोगी ठेवावीत, असेही त्यात आहे. तुमच्या पूरविषयक मार्गदर्शक सूचना जानेवारी २००८ मध्ये आल्या, घटना-प्रतिसाद प्रणालीच्या सूचना २०१० मध्ये आल्या आणि राष्ट्रीय आराखडा २०१६ मध्ये प्रसिद्ध होऊन २०१९ मध्ये सुधारला गेला. कागद कमी पडला, अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही.

या व्यवस्थेने काय साधता येते, हे ओडिशाने देशाला दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. त्या यशात हवामान विभागाच्या अचूक अंदाजाचा वाटा होता, किनाऱ्यावर बांधलेल्या निवारा केंद्रांचा होता, आणि तितकाच वाटा, कोणत्या इशाऱ्यावर कोणी काय करायचे हे गावपातळीपर्यंत ठरलेले असण्याचा होता. चक्रीवादळाचे इशारे टप्प्याटप्प्याने दिले जातात आणि प्रत्येक टप्प्याला एक कृती जोडलेली असते. आमच्या नदीच्या पुराला मात्र असा टप्पा, अशी कृती गावापर्यंत जोडलेली नाही. इशारा असतो, त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने लावायचा असतो.

तो इशारा कसा येतो, ते जरा जवळून पाहावे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडच्या कोणाच्याही मोबाइलवर दिवसातून दहा संदेश येतात. कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग. राधानगरीचे अमुक स्वयंचलित दरवाजे उघडले. राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळी इतके फूट, इतके इंच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इतके फूट. आलमट्टीतून इतके लाख क्युसेक सोडले. केंद्रीय जल आयोगाच्या अर्जुनवाड आणि कुरुंदवाडच्या नोंदी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, धरणांचे साठे टीएमसीमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. आणि प्रत्येक संदेशाच्या शेवटी एकच ठरलेले वाक्य, ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’. सतर्क राहून नेमके काय करायचे? जनावरे आज सोडायची की उद्या? धान्य माळ्यावर चढवायचे की ट्रॅक्टरमध्ये भरायचे? यातले काहीच त्या वाक्यात नसते.

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण ही मापे सांगली आणि कोल्हापूर या शहरांची आहेत. संगमाखालच्या गावाला वरून दोन मापे आणि खालून एक, म्हणजे आयर्विन, राजाराम आणि राजापूर बंधारा, अशी तीन मापे एकत्र वाचावी लागतात, आणि ती वाचण्याचे कोष्टक कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ते गावातल्या चार-दोन जाणत्या माणसांच्या डोक्यात असते. सांगलीला पन्नास झाले आणि पंचगंगाही चढतीला असेल तर रात्रीत पाणी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी येईल, हे ते बिनचूक सांगतात. ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. जल आयोगाकडे पातळीच्या नोंदी आहेत, राज्याच्या जलसंपदा विभागाकडे पूररेषेचे नकाशे आहेत, उपग्रहांनी टिपलेल्या बुडीत क्षेत्राच्या प्रतिमा आहेत. या सगळ्यावरून प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी एका पानाचे कोष्टक तयार करणे हे अवघड काम नाही. अमुक माप अमुक फुटांवर गेले की गावातला अमुक भाग पाण्याखाली जाईल आणि अमुक रस्ता बंद होईल, एवढेच त्यावर हवे. माहिती केंद्राच्या एका खात्याकडे, राज्याच्या दुसऱ्या खात्याकडे आणि शेजारच्या राज्याच्या तिसऱ्या खात्याकडे विखुरलेली असल्यामुळे हे काम आजवर कोणाचेच झाले नाही. अशी विखुरलेली माहिती एकत्र आणणे यालाच समन्वय म्हणत असतील, तर हे काम तुमचे आहे.

तुमच्या ‘सचेत’ व्यवस्थेचे आम्ही स्वागतच केले. २०२३ मध्ये देशभरात लोकांचे मोबाइल एकाएकी मोठ्याने वाजले आणि पडद्यावर चाचणी संदेश उमटला, तेव्हा आमच्या गावातही दिवसभर त्याचीच चर्चा होती. ठरावीक भागातल्या सर्व मोबाइलवर, लोकांच्या भाषेत, एकाच वेळी संदेश पोहोचवण्याची सोय ही मोठी गोष्ट आहे. मात्र वाहिनी तयार झाली आणि तिच्यातून तेच जुने, मोघम वाक्य आले, तर लोक तो आवाज बंद कसा करायचा हेच आधी शिकतील. त्यात आणखी एक व्यवहाराची अडचण आहे. महापुराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वीज गेलेली असते, मोबाइल मनोऱ्यांचे डिझेल संपलेले असते आणि चार्जिंगअभावी निम्मे फोन बंद पडलेले असतात. त्यामुळे निर्णायक संदेश पहिल्याच दिवशी, पाणी पात्राबाहेर पडण्याआधी जायला हवा, आणि भोंगा, देवळावरचा ध्वनिक्षेपक, कोतवालाची दवंडी ही जुनी साधने नव्या व्यवस्थेला जोडूनच ठेवायला हवीत.

आता आलमट्टीविषयी. हा विषय निघाला की आमच्याकडे चर्चा थांबते आणि भांडण सुरू होते. जलाशय भरण्याची सध्याची कमाल पातळी ५१९.६ मीटर आहे. दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० च्या निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली आणि तेव्हापासून तो वाद न्यायालयात आणि राजकारणात धुमसतो आहे. आमच्या महापुराला आलमट्टीची फूग किती जबाबदार, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले, तर काठावरच्या बहुतेकांचा अनुभव त्यांना वेगळे सांगतो. मी या वादात निकाल देणार नाही. तो माझा अधिकार नाही आणि तुमचाही नाही. पण दोष कोणाचा हे ठरेपर्यंत पाण्याची माहितीही अर्धीमुर्धीच मिळावी, असे कोणत्या निवाड्यात लिहिले आहे? पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांशी बोलतात, विसर्गाचे आकडे कळवतात, कधी मंत्री भेटतात आणि छायाचित्रे येतात. ही देवाणघेवाण त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या सौजन्यावर आणि दोन्हीकडच्या सरकारांच्या मर्जीवर चालते. मंत्री बदलले की ती पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावी लागते.

कोयना, वारणा, राधानगरी, दूधगंगा, हिप्परगी आणि आलमट्टी या साऱ्यांचा पावसाळ्यातला कारभार एकाच पानावर, एकाच वेळी, दोन्ही राज्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि लोकांनाही दिसेल अशी कायमची व्यवस्था असली पाहिजे. पुढच्या तीन दिवसांचा पावसाचा अंदाज पाहून कोणत्या धरणात किती पोकळी ठेवायची, ती कोणत्या दिवसापासून करायची आणि तिचा परिणाम खालच्या कोणत्या गावावर होईल, हे जूनआधीच लेखी ठरले पाहिजे. धरण चालवणे तुमचे काम नाही, हे मला ठाऊक आहे. ते राज्यांचे आहे आणि देखरेख जल आयोगाची आहे. परंतु राष्ट्रीय आराखड्यातल्या आपत्तीच्या पातळ्या पाहिल्या तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. जिल्ह्याला झेपते ती पहिली पातळी, राज्याच्या मदतीने झेपते ती दुसरी आणि केंद्राचा हात लागतो ती तिसरी. आमचा पूर आकाराने दुसऱ्या पातळीचा असेलही, पण त्याची कारणे आणि त्याची वाट दोन राज्यांतून जाते. बेळगावच्या चिक्कोडी, अथणी भागातल्या गावांनाही हाच पूर लागतो आणि तिथल्या माणसाला वरून येणाऱ्या पाण्याची तितकीच धास्ती असते. अशा पुराचे मोजमाप केवळ नुकसानीच्या आकड्यावर केले, तर केंद्राचा संबंध येतो तो पाणी घरात शिरल्यावरच.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा इथे उपयोगी पडू शकतो. जुन्या धरणांच्या मालकांनी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत प्रत्येक धरणाचा आणीबाणी कृती आराखडा तयार करावा, असे त्यात आहे. कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला, म्हणजे ही मुदत २०२६ च्या अखेरची आहे. त्या आराखड्यांतील बुडीत क्षेत्राचे नकाशे अभियंत्यांच्या कपाटात न राहता खालच्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर यावेत, यासाठी तुम्ही राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाला लिहावे, ही आमची सरळ मागणी आहे.

प्रतिसाद दलाबद्दल काठावरच्या प्रत्येक माणसाच्या मनात आदर आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नारिंगी गणवेशातल्या जवानांनी २०१९ मध्ये माणसांना पाठकुळी घेऊन बाहेर काढले, हे कोणी विसरलेले नाही. पण साधा हिशेब मांडू. देशात दलाच्या १६ बटालियन आहेत. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठीची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. एका बटालियनमध्ये सुमारे ४५ जवानांची १८ शोध व बचाव पथके असतात. आमच्या एका तालुक्यातच पन्नासच्या आसपास गावे आहेत. जुलै २०२१ च्या त्याच दोन दिवसांत चिपळूण बुडाले, तळिये गाडले गेले, महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि कृष्णा-पंचगंगाही पात्राबाहेर पडल्या. पथकांनी जायचे तरी कुठे कुठे? राज्य दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला, म्हणजे आमच्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा पथक निघाले तरी ते पोहोचायचे कसे हा प्रश्न होताच. दलाची संख्या कितीही वाढवली तरी पहिले दोन दिवस गाव गावाच्याच भरवशावर असणार, हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागेल.

गाव काय करते, तेही सांगतो. कोळी आणि भोई बांधव आपल्या नावा काढतात. नाव नसेल तिथे गुऱ्हाळातली काहिल पाण्यात लोटली जाते. गुळासाठी उसाचा रस आटवण्याच्या त्या रुंद लोखंडी कढईत दोन-तीन माणसे बसवून दुसऱ्या अंगाने पोहत ती ढकलणारी पोरे आमच्याकडे प्रत्येक पुरात दिसतात. कोल्हापूरच्या ‘व्हाइट आर्मी’सारख्या स्वयंसेवी पथकांनी वर्षानुवर्षे हे काम केले आहे. धाडस भरपूर आहे, शिस्त आणि साधने कमी आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण बुडाले. बोटीत किती माणसे घ्यायची, जीवनरक्षक जाकिटे घातल्याशिवाय बोट सोडायची नाही, इंजिनाच्या पंख्यात झुडूप अडकले तर काय करायचे, हे शिकवायला मोठा खर्च लागत नाही. तुमच्या ‘आपदा मित्र’ योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. योजना चांगली आहे. परंतु निवड करताना जिल्हा हा एकक धरला, की प्रमाणपत्रे तालुक्याच्या गावात आणि महाविद्यालयांत वाटली जातात. आम्हाला नदीकाठच्या प्रत्येक गावात किमान दहा प्रशिक्षित हात हवेत आणि त्यांत नाव चालवणारे आधी हवेत, कारण पाण्याचा ओघ कुठे ओढतो आणि कुठे भोवरा घालतो हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

स्थलांतराच्या प्रश्नावर शहरातल्या माणसांनी आमच्याविषयी पुष्कळ वेळा नाराजी व्यक्त केली आहे. आधी सांगूनही ही माणसे घर सोडत नाहीत, मग छपरावरून हाका मारतात, असा सूर असतो. २०१९ मध्ये ते बऱ्याच अंशी खरे होते आणि त्यामागे दोन कारणे होती. एक म्हणजे २००५ ची खूण. त्या वर्षी पाणी जिथे थांबले तिथे ज्याने त्याने भिंतीवर रेघ मारली होती आणि त्या रेघेच्या वरचे घर सुरक्षित, असे चौदा वर्षे मानले गेले. २०१९ मध्ये आयर्विनजवळ ५७ फुटांच्या पुढे गेलेले पाणी त्या रेघेच्या कितीतरी वर आले. यंदाचा पूर त्या खुणेच्या वर जाणार आहे, एवढे एक वाक्य जर आधी एक दिवस अधिकाराने सांगितले गेले असते, तर पुष्कळ घरे वेळेत रिकामी झाली असती. दुसरे कारण जनावरांचे. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय असलेले कुटुंब त्यांना सोडून बोटीत बसत नाही. डेअरीचे दर दहा दिवसांचे बिल हीच त्या घराची रोकड असते. म्हातारा बाप ‘तुम्ही जावा, मी हाय जनावरांजवळ’ म्हणतो आणि मग सगळेच थांबतात. २०२१ मध्ये लोक स्वतःहून लवकर निघाले, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जनावरे आधी हलली, साखर कारखान्यांच्या आवारात आणि नातेवाइकांच्या माळरानावरच्या गोठ्यांत सोय झाली. हे शहाणपण लोकांना अनुभवातून आले. गावाच्या आराखड्यात मात्र निवारा केंद्र म्हणजे माणसांसाठी शाळेचे वर्ग, एवढीच नोंद असते. वैरण कुठून येणार, किती जनावरे कुठे बांधायची, पशुवैद्यक कोण, हे रकानेच त्या नमुन्यात नाहीत. नमुना वरून येतो. म्हणून बदलही वरून व्हायला हवा.

आमच्या भागातल्या एका गावाच्या आराखड्यात निवारा म्हणून दाखवलेली शाळा स्वतःच पूररेषेत आहे, आणि संपर्काच्या यादीतले निम्मे अधिकारी बदली होऊन गेलेले आहेत. आढावा दरवर्षी होतो, सहीशिक्काही होतो. ज्यांच्यासाठी आराखडा केला त्यांना तो वाचून दाखवला जात नाही. ग्रामसभेत तो वाचणे बंधनकारक करा. अर्ध्या तासात चुका निघतील.

पैशांविषयी थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातला वीस टक्के भाग आपत्तीची झळ कमी करण्याच्या कामांसाठी आणि दहा टक्के पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी राखून ठेवला. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा असतो. पूर्वतयारीचा हा दहा टक्के भाग कोणत्या तालुक्यात कशावर खर्च झाला, याची साधी माहिती सामान्य माणसाला मिळत नाही. ती तालुकावार प्रसिद्ध करावी, असे मार्गदर्शन तुम्ही राज्यांना करू शकता.

२०२५ च्या दुरुस्ती कायद्याने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापण्याची तरतूद केली आहे. मुंबईसाठी ती योग्यच आहे. आमच्याकडे मात्र कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली-मिरज-कुपवाड अशा तीन महापालिका चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत, एकाच पाण्याच्या काठावर आहेत. दोन जिल्हा प्राधिकरणांत उद्या तीन नागरी प्राधिकरणांची भर पडली आणि खाली कर्नाटकातले आणखी एक जिल्हा प्राधिकरण धरले, तर एका पुरासाठी सहा अध्यक्ष होतील. या सहा जणांनी जूनच्या आधी एका टेबलाभोवती बसण्याची सोय कायद्यात कुठेही नाही. शहर आपले पाणी लवकर बाहेर काढण्याची योजना आखेल आणि ते पाणी खालच्या गावाकडेच येईल. नव्या कायद्याने राष्ट्रीय आणि राज्य आराखडे करण्याचे काम थेट प्राधिकरणांकडे आणले आहे, तसेच आपत्तींची माहिती एकत्र साठवण्याचीही तरतूद केली आहे. त्या अधिकाराचा उपयोग करून नदीखोऱ्याला आराखड्याचे एकक मानावे आणि त्याची सुरुवात कृष्णेच्या या पट्ट्यातून करावी.

पूररेषेचा उल्लेख टाळता येणार नाही, जरी तो आम्हालाच अडचणीचा असला तरी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते, आणि ती आखल्यावर ती सरकवण्यासाठी आमचेच पुढारी, आमचेच बांधकाम व्यावसायिक आणि पुष्कळदा आम्हीच शासनाकडे धाव घेतो. पूरक्षेत्राच्या विभागणीचा नमुना कायदा केंद्राने १९७५ मध्येच राज्यांकडे पाठवला होता. तो स्वीकारणारी राज्ये बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि महाराष्ट्र त्यांत नाही. याचा दोष दिल्लीला देता येणार नाही. परंतु आपत्ती सौम्यीकरणाच्या निधीला पूररेषेच्या अंमलबजावणीची अट घालणे केंद्राला अशक्य नाही.

येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, राजापूर बंधाऱ्याच्या वरचे एक आणि खालचे एक, म्हणजे महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले अशी दोन गावे निवडून तिथे पुराची रंगीत तालीम घ्यावी, अशी विनंती आहे. दोन्ही राज्यांचे जलसंपदा अधिकारी, जल आयोग, हवामान विभाग, तीन महापालिका, संबंधित जिल्हाधिकारी आणि प्रतिसाद दल यांना तुम्ही बोलवावे. तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाचे बोलावणे या सगळ्यांना लागू पडत नाही. तालमीत बोटी पळवून दाखवण्यापेक्षा एकच गोष्ट घड्याळ लावून मोजावी : कोयनेचे दरवाजे उचलण्याचा निर्णय झाल्यापासून खालच्या गावातल्या शेवटच्या घरातली जनावरे हलेपर्यंत किती तास लागले आणि त्यांतले किती तास संदेश एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाण्यात गेले. गावाच्या बाजूने नावा, ट्रॅक्टर आणि माणसे आम्ही देऊ. तालमीची तारीख ठरली की तहसील कार्यालयामार्फत ग्रामपंचायतींना महिनाभर आधी कळवावे, म्हणजे ग्रामसभा घेऊन कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे आणि कोणाकडे किती जनावरे आहेत, याची यादी आम्ही तयार ठेवू.

कळावे,

आपला,
शिरोळ तालुक्यातील नदीकाठचा एक रहिवासी